दोन कोऱ्या बाटल्या

"आणि मल्लम्मानं भरलेल्या बाटल्यांचं काय?" अप्पांनी विचारलं.

"त्या हिशेबात धरल्या नाहीत," डॉ. उपेंद्र टिळेकर म्हणाले.

"का?"

"त्यांत काहीच निघालं नाही."

अप्पा म्हणाले, "काही निघालं नाही, म्हणून धरल्या नाहीत."

"तसं नव्हे, अप्पा. त्या चुकीच्या भरल्या गेल्या असणार."

"हे कशावरून?"

"काहीच निघालं नाही, त्यावरून."

अप्पांनी मान डोलावली. पटल्यावर माणूस डोलावतो तशीच डोलावली, त्यामुळे डॉक्टरांना बरं वाटलं.

बेलकोंडीच्या मठात ही बोलणी चालली होती. माळावरचा छोटा लिंगायत मठ, आणि अप्पा त्याचे स्वामी. नाव घ्यावं असं तिथं एकच, रोज दुपारचा दासोह. येईल त्याला पंगतीत बसवायचं, भाकरी, पालेभाजी आणि चिंचेची आमटी वाढायची आणि कोण कुठला ते विचारायचं नाही. शाळेतली पोरं येत, ऊसतोडीची माणसं येत, एसटी चुकलेले येत. रोज अडीचशे पानं उठत. पालेभाजी मठाच्या मागच्या मळ्यातली, आणि मळा मल्लम्माचा. म्हणजे जागा मठाची, पण चुका, अंबाडी, राजगिरा यांना विचारलं असतं तर त्यांनी मल्लम्माचंच नाव सांगितलं असतं.

मळ्यापलीकडे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायची एक शेड होती. ती बंद पडून सहा वर्षं झाली, पण अशा शेडीतलं शिसं मातीत मुक्कामाला राहतं. म्हणून सरकारी कचेरीनं टिळेकरांना पाठवलं होतं.

टिळेकर म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. पानात, पाण्यात, दुधात, कशातही जरा कुठं धातू दडून बसला असेल तर तो हुडकून काढायचा हा त्यांचा धंदा. शंभर कोटी कणांत एक कण शिशाचा असला तरी त्यांचं यंत्र त्याची कॉलर धरून त्याला बाहेर आणी. या कामातली राज्यात तीनच माणसं, असं ते सांगत. उरलेली दोघं त्यांचे विद्यार्थी, हेही सांगत.

त्यांनी मळ्यातल्या भाजीच्या बारा बाटल्या नेल्या होत्या. सात स्वतः भरल्या. मग ऊन लागलं, म्हणून पाच मल्लम्माकडून भरून घेतल्या. सातांत शिसं निघालं, मर्यादेच्या तिप्पट. पाचांत निघालं नाही.

आणि आता त्यांच्या हातात कागद होता. त्यावर लिहिलं होतं, मळा मुळासकट उपटावा, माती हलवावी, पुढची सूचना मिळेपर्यंत दासोह बंद ठेवावा. सोमवारी तो कचेरीत पडायचा होता. आज बुधवार.

मल्लम्मा दारात उभी होती. पदराला हात पुसत होती, आणि हात कधीचे कोरडे झाले होते.

"आवो सायेब," ती म्हणाली, "माझ्या हातानं भरलेल्या बाटल्या खोट्या, अन् तुमच्या खऱ्या?"

"खोट्या नाही म्हणत, बाई. पण हे काम शिकायला वर्षं जातात."

"तुम्हीच शिकवलाव की."

"हो. एका दुपारात."

"एका दुपारात भाकरी शिकलेली बाई उपाशी मारत न्हाई," मल्लम्मा म्हणाली, आणि ती आत निघून गेली. जाताना दाराला जरा जोरात धक्का लागला. दाराची चूक असेल.

डॉक्टरांनी घाम पुसला. वाईट त्यांनाही वाटत होतं. पण शिसं ते शिसं. पोरांच्या पोटात जातं, हाडात बसतं, डोक्यात चढतं, आणि कुणाला कळतही नाही. एका मळ्याची दया करून अडीचशे पानांत विष वाढायचं का? हा प्रश्न त्यांनी स्वतःला वाटेत तीनदा विचारला होता आणि तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं होतं.

"अप्पा, मी इलाज नाही म्हणून आलो. तुम्ही समजूतदार आहात. तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील."

"सांगू की," अप्पा म्हणाले. "पण एक मागणं आहे, डॉक्टर. आणखी दोन बाटल्या न्या."

"भाजीच्या?"

"नाही. कशाच्याच नाही."

डॉक्टरांना वाटलं, ऐंशी वर्षांचं वय आहे, कधीकधी शब्द निसटतात. "म्हणजे?"

"तुमच्या त्या पेटीत पाणी असतं ना, बाटल्या विसळायचं?"

"ते साधं पाणी नाही, अप्पा. त्यात काहीच नसतं. जगातलं सगळ्यात कोरं पाणी."

"तेच. ते एका बाटलीत तुम्ही भरा, एका बाटलीत मल्लम्मा भरील. इथंच मळ्यात उभं राहून. बाकी काही घालायचं नाही. घेऊन जा आणि मोजा."

"काय मोजू? त्यात काही नसणार."

"मग ते मोजा."

डॉक्टर हसले. मोठ्या माणसानं लहान मुलाच्या कोड्याला हसावं तसे हसले. कोरं पाणी मोजायचं असतं हे त्यांना का ठाऊक नव्हतं? प्रयोगशाळेत ते रोज सकाळी मोजत. पहिला नमुना कोऱ्याचाच, आणि तो स्वच्छ आला की मगच पुढचं काम. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवत. तसं त्यांनी अप्पांना सांगितलंही.

"तिथं स्वच्छ येतं?" अप्पांनी विचारलं.

"आजवर एकदाही चुकलेलं नाही."

"छान. आणि इथं?"

डॉक्टरांनी पेटी उघडली. उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

*

मळ्यात तिघं उभे राहिले. ऊन वर चढलेलं, अंबाडीला पिवळी फुलं आलेली, विहिरीच्या काठावर एक बगळा आपल्या विचारात.

डॉक्टरांनी निळे मोजे हातांत चढवले. बाटली डाव्या हातात घेतली. मग उजवा हात डोक्यावरून मागं फिरवला, एकदा, सावकाश. केस सारखे झाले. मग बूच काढलं, कोरं पाणी ओतलं, बूच लावलं. सफाईदार काम. बघत राहावं असं.

मग मल्लम्मा पुढं आली. तिनंही निळे मोजे चढवले. बाटली डाव्या हातात घेतली. पदर मागं सारला, उजवा हात डोक्यावरून फिरवला, एकदा, सावकाश. मग बूच काढलं.

डॉक्टर चपापले. त्यांनी वळून पाहिलं, तर अप्पा विहिरीच्या काठावर बसून आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवत होते. एकदा. सावकाश.

"माझी थट्टा चालली आहे का?"

"छे," अप्पा म्हणाले. "शिकतोय."

"तुम्हीच म्हनलाव की सायेब," मल्लम्मा म्हणाली. "मी करतो तसंच करा, कमी न्हाई, जास्त न्हाई. मी पाचीच्या पाची बाटल्यांना तसंच केलं. तुम्ही दर बाटलीला डोस्क्यावर हात फिरवता. मला वाटलं शास्त्रातलाच भाग हाय."

डॉक्टरांना मनापासून हसू आलं. हा किस्सा पुढच्या परिषदेत सांगण्यासारखा होता. अडाणी बाईच्या हाती शास्त्र दिलं की त्याचा विधी कसा होतो, त्याचा याहून चांगला नमुना कुठं मिळणार? ते हसत हसतच गाडीत बसले, आणि आरशात बघून केस सारखे केले.

त्या केसांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. डॉक्टर बावन्न वर्षांचे होते आणि त्यांचे केस बत्तीस वर्षांचे होते. ते तसे राहावेत म्हणून ते एक तेल लावत. एका जत्रेत कुणा वैदूकडून घेतलेलं, चिठ्ठी नसलेल्या बाटलीतलं. रोज सकाळी लावायचं, केस हळूहळू काळे होत जातात, रंग लावल्याचा संशय येत नाही. घरात बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि बायकोलाही माहीत असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत ते डोक्यावर कागदी टोपी घालत, कारण तिथं ती सगळ्यांनाच सक्तीची. मळ्यात मात्र टोपी घालत नसत. खेड्यातल्या माणसांसमोर ती घालून उभं राहिलं की आपण आंघोळीला निघालोय असं दिसतं, असं त्यांचं मत होतं.

*

शुक्रवारी आकडे आले.

मल्लम्माच्या कोऱ्या बाटलीत काही नव्हतं.

डॉक्टरांच्या कोऱ्या बाटलीत शिसं होतं. भाजीच्या सात बाटल्यांत होतं, जवळजवळ तेवढंच.

त्यांनी यंत्र धुतलं आणि पुन्हा मोजलं. तेच. बाटली बदलून मोजलं. तेच. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांना मल्लम्मा दिसली, पदर मागं सारणारी. अप्पा दिसले, टकलावरून हात फिरवणारे... त्यांचा हात आपोआप डोक्याकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

शनिवारी सकाळी त्यांनी घरून ती तेलाची बाटली आणली. एक थेंब पुष्कळ पाणी घालून पातळ केला, त्यातला एक थेंब पुन्हा पातळ केला आणि यंत्राला दिला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. एवढं शिसं मोजायची आपली ताकद नाही, अशा अर्थाची एक तांबडी ओळ दाखवून ते मोकळं झालं.

ज्या गोष्टीवर उभा जन्म पोसला, ती गोष्ट हा माणूस वीस वर्षं डोक्यावर घेऊन फिरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर कळशानंच दवंडी पिटली होती. टिळेकरांना लाज वाटली. खरी लाज, कानशिलं तापवणारी. आणि लाजेच्या पाठोपाठ भीती आली. तो कागद गेला असता तर? मळा उपटला गेला असता, पानं उठायची बंद झाली असती, शाळेतली पोरं दुपारची उपाशी राहिली असती, आणि ते सगळं त्यांच्या सहीनं.

त्यांनी कचेरीला कळवलं, अहवाल आठ दिवसांनी देतो. मग ते न्हाव्याकडे गेले.

*

रविवारी ते मठात आले तेव्हा मल्लम्मा अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली आणि सूप खाली ठेवलं.

"अगं माय... घरात कुनी गेलं का वो?"

"नाही, बाई."

"मग डोस्कं?"

डॉक्टरांनी सांगितलं. सगळं सांगितलं, तेल, जत्रा, हात, बाटल्या. सांगताना पायरीकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. "तुमच्या पाच बाटल्या खऱ्या होत्या. माझ्या सात खोट्या. मला माफ करा."

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांना वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. हसू आवरेना तेव्हा ती खाली बसली.

"केसापायी माझा चुका उपटलालता की वो, सायेब," ती म्हणाली. मग उठली आणि त्यांच्यासाठी ताक आणायला गेली. माफीबद्दल काही बोलली नाही. पण ताक मोठ्या पेल्यातून आलं आणि वर मिठाचा खडा होता.

अप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी डॉक्टरांचं डोकं पाहिलं, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जवळची जागा दाखवली.

"बस," ते म्हणाले. आजवर 'बसा' म्हणत.

डॉक्टर बसले. "अप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं कळलं? मला शिशातलं काय कळतंय? एका माणसाच्या बाटल्या भरतात, दुसऱ्याच्या रिकाम्या येतात. मळा तर एकच आहे. म्हटलं, मळा बाजूला काढून बघावं."

"आज सकाळी मी पुन्हा कोरी बाटली भरली," डॉक्टर म्हणाले. "केस नाहीत, अंगठी नाही, घड्याळ नाही. तीनदा आंघोळ केली. कपडे नवे."

"मग?"

"तरी शून्य येत नाही. अगदी थोडंसं येतंच. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच." त्यांचा आवाज खरोखरच पडला होता. "किती धुऊ, अप्पा? काय केलं म्हणजे शून्य येईल?"

"तुमच्या शास्त्रात काय करतात?"

"शास्त्रात? शास्त्रात शून्य कुणाचंच येत नाही. माणूस म्हटला की थोडं येतंच, घामातून, श्वासातून, धुळीतून. आपलं किती ते आधी मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि नमुन्याच्या आकड्यातून तेवढं वजा करायचं. उरेल ते नमुन्याचं."

अप्पांचे डोळे चमकले. ते पुढं सरकून बसले, नवी गोष्ट ऐकायला मिळाल्यावर पोरं बसतात तसे.

"हे तुमच्या पुस्तकात आहे?"

"पहिल्याच प्रकरणात."

"आणि आम्ही इथं शून्य यावं म्हणून चाळीस वर्षं अंग घासत बसलोय," अप्पा म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

*

त्या दिवशी डॉक्टरांनी सगळं नव्यानं केलं. बाटल्या मल्लम्मानं भरल्या. डॉक्टर कागदी टोपी घालून बाजूला उभे राहिले आणि तिनं सांगितलेलं लिहून घेत गेले. टोपी बघून दोन पोरं हसली, तर त्यांना ती घालून बघायला दिली.

भाजी झाली, माती झाली, विहिरीचं पाणी झालं. मीठ, तिखट, ज्वारीचं पीठ, डाळ. मल्लम्मा सोडायला तयार नव्हती. मग ती अप्पांच्या पात्राशी आली.

पितळेचं, पोटाशी रुंद, आतून कल्हई केलेलं पात्र. अप्पांच्या गुरूंनी दिलेलं. भाजी-भाकरी कुणीही वाढी, पण आमटी त्या पात्रातून, आणि ती अप्पाच वाढत. चाळीस वर्षं हा नेम होता. आजाऱ्याला घरी न्यायची तर लोक म्हणत, अप्पांच्या पात्रातली द्या.

"ते राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

"का वो? सगळं म्हनलाव न्हवं?"

"हो, पण..."

मल्लम्मानं बूच काढलं आणि दोन तासांपूर्वीच पात्रात भरून ठेवलेल्या आमटीची बाटली भरली. तिसावी. शिकवलेलं होतं ते तिनं केलं, कमी नाही, जास्त नाही. डोक्यावरून हात मात्र या खेपेला फिरवला नाही.

*

पुढच्या रविवारी डॉक्टर आले ते पंगत बसायच्या वेळेला. अडीचशे पानं मांडून झाली होती. त्यांच्या हातात कागद होता, आणि सगळ्यांचे डोळे त्या कागदावर.

त्यांनी वाचून दाखवलं. शास्त्राचे शब्द गाळून, सरळ. भाजी चांगली. माती मळ्याच्या बाजूची चांगली, शेडीकडची वाईट, तिकडे काही लावू नये. पाणी चांगलं. मीठ, तिखट, पीठ, डाळ चांगली. मळा उपटायचा नाही. दासोह चालू राहील.

पंगतीत एकदम बोलणं सुरू झालं. मल्लम्मा भिंतीला टेकली आणि डोळे मिटून उभी राहिली, आणि मग आत जाऊन भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. आज तिनं पहिली भाकरी डॉक्टरांच्या पानात टाकली.

अप्पा उठले. आमटी वाढायची वेळ झाली होती. आज आमटीला उशीर झाला होता, म्हणून मल्लम्मानं रिकामंच पात्र आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि ती आमटीचं स्टीलचं पातेलं आणायला वळली.

"अप्पा," डॉक्टर हळूच म्हणाले. "एक मिनिट, बाजूला येता?"

"इथंच बोल की."

"या पात्राला नवी कल्हई करून घ्या. लवकर. आजपासून यातून वाढू नका."

"माघात तर केली."

"जुनी झाली असेल."

"माघातली?"

डॉक्टरांना खोटं बोलायचा सराव नव्हता. आकडे लपवायचा तर मुळीच नव्हता. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला, घडी घातलेला, चुरगळलेला.

"तिसावी बाटली," ते म्हणाले. "कल्हईच्या कथलात शिसं आहे, अप्पा. चिंचेची आमटी यात दोन-दोन तास राहते, आंबटानं ते सुटतं. फार नाही. पण रोज आहे. माझं स्वतःचं वजा केलं, दोनदा मोजलं. आहे."

"मग मघाशी वाचलं नाहीस?"

"कसं वाचणार? तुमच्या गुरूंचं पात्र. तुमच्या हातची आमटी. लोक तुमच्याकडे कसं बघतील? ज्या माणसानं माझे डोळे उघडले त्याच्या नावावर मी हे लिहू?" त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "कुणाला कळायचं कारण नाही. मी चांगला कल्हईवाला पाठवतो, चांगलं कथील आणतो. चार दिवसांत पात्र निर्मळ होईल. दासोह वाचला, मळा वाचला. एवढी एक बाटली मी नेलीच नव्हती, असं समजा."

मल्लम्मा पातेलं घेऊन येत होती. ती मध्येच थांबली होती. तिनं ऐकलं होतं.

"माघातला कल्हईवाला?" ती म्हणाली. "सायेब, त्यानं गावातली निम्मी भांडी केल्यात की. इथंच बसला हुता आठ दिस, मठाच्या पारावर. अप्पांचं भांडं केलंय म्हनून समद्यांनी त्याच्याकडंच दिली. माझी लेक त्यातच लेकराचं दूध तापविते."

डॉक्टरांना गावातली भांडी सुचलीच नव्हती. त्यांना फक्त अप्पा दिसत होते, आणि अप्पांवरचं प्रेम दिसत होतं, आणि ते प्रेम इतकं खरं होतं की त्याच्या पलीकडचं काही दिसेनासं झालं होतं.

पंगत थांबली होती. भाकरी मोडलेले हात पानांवर तसेच होते.

अप्पांनी मल्लम्माला पातेल्यातूनच वाढायला सांगितलं. मग त्यांनी ते पात्र दोन्ही हातांनी उचललं. ज्याला ते रोज वाढण्याआधी कपाळ लावत, वाढताना ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत, ते पात्र त्यांनी पंगतीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या समोर, जमिनीवर पालथं घातलं.

आणि त्यावर बसले. चौरंगावर बसावं तसे, ऐसपैस, मांडीवर हात ठेवून.

एक म्हातारा तर उठून उभाच राहिला.

अप्पांनी डॉक्टरांना खूण केली. डॉक्टर आले आणि पात्रापाशी जमिनीवर बसले. अप्पांनी चुरगळलेला कागद त्यांच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून तळहातानं नीट सपाट केला आणि त्यांच्यासमोर धरला. अप्पा हसत होते. रागाचा लवलेशही नव्हता चेहऱ्यावर.

"पहिल्या खेपेला तू स्वतःला मिळवून लिहिलंस," ते म्हणाले. "या खेपेला मला वजा करून लिहिलंस... अरे, आमटीचं कधी लिहिणार?"